उजव्या हाताची बोटं आत वळायला लागली, म्हणजे पियानिस्ट म्हणून संपलं का? लिऑन फ्लायशरबद्दल जरा सविस्तर

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. वय २४, डिप्लोमाची तयारी चालू, आणि गेले पाच महिने पियानोवर बसलं की उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आपोआप आत वळतात, दुखत काहीच नाही, जेवताना, मोबाइलवर टाइप करताना हात एकदम नॉर्मल. टीचर म्हणाले की आता स्टेजचा नाद सोड आणि लहान मुलांच्या शिकवण्या घ्यायला लाग. आणि तू विचारतेयस, मी संपले का, आणि शिकवणं म्हणजे हरलेल्या माणसाचं काम का. तुला अगं-तुगं करतेय, रागावू नकोस, माझ्याकडे तुझ्या वयाच्या मुली शिकतात आणि पुण्यात पियानो शिकवायला लागून मला आता ३१ वर्षं झाली.

आधी हाताचं बोलू, कारण ते थांबून चालणार नाही. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुला काय झालंय ते मी सांगणार नाही. पण तू लिहिलंयस ते वाचून एवढं नक्की सांगते की फक्त हाडांच्या डॉक्टरांना दाखवून एक्स-रे नॉर्मल आला म्हणून गप्प बसू नकोस, न्यूरोलॉजिस्टकडे जा, शक्यतो हालचालींच्या विकारांवर काम करणाऱ्याकडे. करंगळी आणि अनामिका वळण्याचं कारण कोपरापाशी दबलेली नस असू शकतं, ते तपासून बाजूला काढावं लागतं, आणि दुसरी शक्यता फोकल डिस्टोनियाची असते (ते काय ते पुढे सांगते). जाताना बाजूने आणि वरून असे दोन व्हिडिओ काढून ने, एकात नुसती टेबलावर बोटं हलवताना आणि एकात खरंच वाजवताना, कारण क्लिनिकमध्ये पियानो नसतो आणि डॉक्टरांसमोर तुझा हात अगदी शहाण्यासारखा वागेल. आणि तोपर्यंत ती बोटं सरळ करण्यासाठी एक्सरसाइज वाढवू नकोस. हे मी ओरडून सांगतेय असं समज. मला विशीत मनगटाचा त्रास झाला तेव्हा मला शिकवणाऱ्या व्यक्तीने सांगितलं होतं की दुखतंय म्हणजे हात तयार होतोय, आणि मी ते खरं मानून आणखी दोन महिने घासत बसले, मग आठ महिने हात बंद.

आता लिऑन फ्लायशर. या अमेरिकन पियानिस्टचं नाव तू ऐकलं असशील, बीथोव्हेनच्या पाच कॉन्चेर्टोंचं, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्राच्या रचनांचं, कंडक्टर जॉर्ज सेल आणि क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राबरोबरचं रेकॉर्डिंग निदान कुठेतरी कानावरून गेलं असेल. पण त्याचं आयुष्य नीट कोणी सांगत नाही, सांगतात ते "हात गेला, हात परत आला" एवढंच, आणि मधली तीस वर्षं गाळून टाकतात. तुझं उत्तर त्या तीस वर्षांत आहे म्हणून एवढं लांब लिहितेय.

जन्म १९२८, सॅन फ्रान्सिस्को. आईवडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू, वडिलांचा बायकांच्या हॅट बनवायचा धंदा. शिकवणी खरं तर मोठ्या भावाची लागली होती, टीचर गेले की हा चार वर्षांचा पोरगा जाऊन पियानोवर तेच वाजवायचा, मग शिकवणी याचीच झाली. आईचं म्हणणं होतं की हा एक तर अमेरिकेचा पहिला ज्यू राष्ट्राध्यक्ष होईल नाहीतर मोठा पियानिस्ट. अशा आया आपल्याकडेही पुष्कळ आहेत, आणि त्या ओझ्याचं काय होतं ते मी रोज बघते, पण तो विषय वेगळा.

नऊ वर्षांचा असताना त्याला आर्टुर श्नाबेल या मोठ्या पियानिस्टसमोर उभं करायचं ठरलं. श्नाबेल लहान मुलांना घेतच नसे, सोळाच्या आतलं कोणी नको असा नियम. मग अल्फ्रेड हर्ट्झ नावाच्या कंडक्टरने श्नाबेलला घरी जेवायला बोलावलं, आणि जेवण चालू असताना या मुलाला मागून घरात आणून पियानोवर बसवलं. जेवून बाहेर आले तर समोर पोरगा तयार. ऐकावंच लागलं, आणि ऐकल्यावर नाही म्हणता आलं नाही. १९३८ साली हा इटलीत कोमो तळ्याकाठी श्नाबेलकडे शिकायला गेला, एका अटीवर, की शिक्षण चालू असताना जाहीर कार्यक्रम करायचे नाहीत. नऊ वर्षांच्या "चमत्कारी बालका"ला ही अट घालणारा गुरू! आज आपण सहा वर्षांच्या मुलाचा ग्रेड वनचा पीस पाठ झाला की त्याच संध्याकाळी व्हिडिओ टाकतो.

आपल्याकडे घराणं म्हणतात तसं इथेही आहे बघ. बीथोव्हेनचा शिष्य चेर्नी, चेर्नीचा लेशेटिट्स्की, लेशेटिट्स्कीचा श्नाबेल, आणि श्नाबेलचा फ्लायशर. एकेक पिढी हाताने धरून आणलेली. आणि या लेशेटिट्स्कीने लहान श्नाबेलला जे सांगितलं ते तू नीट वाच, कारण ते तुझ्यासाठीच आहे असं मला वाटतं. तो म्हणाला होता की तू पियानिस्ट कधी होणार नाहीस, तू म्युझिशियन आहेस. आणि त्याला बोटांची सर्कस करायला न लावता शूबर्टचे सोनाटे दिले, जे त्या काळात कोणी वाजवतच नव्हतं. म्हणजे "पियानिस्ट" आणि "म्युझिशियन" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या घराण्यात शंभर वर्षांपूर्वीच कोणीतरी स्पष्ट बोललं होतं. शूबर्ट लक्षात ठेव, शेवटी परत येणार आहे.

श्नाबेल शिकवायचा कसा, तर एकेकट्याला बंद खोलीत नाही, बाकीचे विद्यार्थी बाजूला बसलेले, आणि प्रत्येकाचा धडा सगळ्यांनी ऐकायचा. दुसऱ्याच्या चुका ऐकून जास्त शिकता येतं, कारण तेव्हा आपले हात मोकळे असतात आणि कान कामाला लागतात. युद्धामुळे श्नाबेल न्यूयॉर्कला गेला तसा हाही तिकडे गेला, सगळी मिळून दहाएक वर्षं तालीम झाली. मध्ये १९४४ मध्ये, सोळाव्या वर्षी, पियेर माँटोच्या हाताखाली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर ब्राम्सचा पहिला कॉन्चेर्टो वाजवून पदार्पण. १९५२ मध्ये ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकला, तिथे जिंकणारा पहिला अमेरिकन. मग सेलबरोबरची रेकॉर्डिंग्ज. ब्राम्सचे दोन्ही कॉन्चेर्टो आणि बीथोव्हेनचे पाचही, हे सगळं तिशीच्या आसपास करून झालं होतं. मी माझ्या मुलांना आजही बीथोव्हेनचा चौथा ऐकवायचा तर तोच ऐकवते. त्यात एकही सूर दाखवायला म्हणून वाजवलेला नाही, पहिली ओळ ऐकली की कळतं की या माणसाने ती वाजवायच्या आधी ऐकलेली आहे.

आणि मग १९६४. अंगणातल्या फर्निचरवर उजवा अंगठा कापला, टाके पडले, बरा झाला. पण हात पहिल्यासारखा वाटेना. समोर क्लीव्हलंडबरोबरचा सोव्हिएत युनियनचा मोठा दौरा होता, त्यामुळे याने काय केलं, तर आणखी प्रॅक्टिस. तासन् तास. हात ऐकत नाही तर त्याला जास्त राबवा. थोड्याच महिन्यांत अनामिका आणि करंगळी तळहातात वळायला लागली, तुझीच दोन बोटं बघ, आणि सेलनेच त्याला सांगितलं की तू या दौऱ्यावर येऊ शकत नाहीस. वय ३६. दुखणं नाही, सूज नाही, डॉक्टरांना काही सापडत नाही, आणि कोणी ना कोणी म्हणतंच की मनाचे खेळ आहेत.

फोकल डिस्टोनिया म्हणजे साध्या भाषेत सांगायचं तर हात शाबूत आणि हाताचा मेंदूतला नकाशा पुसट झालेला. प्रत्येक बोटासाठी मेंदूत आपापली जागा असते, वर्षानुवर्षं एकच बारीक हालचाल हजारो वेळा केली की काही माणसांत शेजारच्या दोन बोटांच्या जागा एकमेकींत मिसळतात, मग एक बोट उचल म्हटलं की दुसरं खाली ओढलं जातं. म्हणूनच फक्त त्या एका कामात त्रास, बाकी सगळं ठीक. व्यावसायिक वादकांत साधारण शंभरात एकाला होतो असं मानतात, म्हणजे इतका काही दुर्मिळ नाही, लोक लपवतात म्हणून वाटतो. काम जाईल ही भीती असते ना. फ्लायशरनेही सगळं करून पाहिलं, इंजेक्शनं, मसाज, अॅक्युपंक्चर, हिप्नॉसिस. आणि त्या काळात तो पार कोसळला होता हे त्याने पुढे स्वतःच मोकळेपणाने सांगितलंय, जीव द्यायचे विचार यायचे, लग्न मोडलं, केस वाढवून व्हेस्पा घेऊन फिरायचा. हे तुला मुद्दाम सांगतेय. तुला रात्री झोप लागत नाही असं तू लिहिलंयस, तर ते घरात कोणाला तरी सांग, आज सांग, आणि डॉक्टरांनाही सांग. ते हाताइतकंच खरं दुखणं आहे.

तो पिबडी या संगीत महाविद्यालयात शिकवत होता, बाल्टिमोरला, १९५९ पासून. म्हणजे शिकवणं हात गेल्यावर सुरू केलेलं नाही, हात अगदी जोरात असतानाच चालू होतं. फक्त पद्धत अशी होती की विद्यार्थ्याचं चुकलं की त्याला बाजूला सरकवायचं, आपण बसायचं आणि वाजवून दाखवायचं, बघ, असं. आपल्या तालमीत गुरूने गायचं आणि शिष्याने उचलायचं तसंच. त्यात वाईट काही नाही, पण त्यात एक फसगत असते की शिष्य सूर उचलतो आणि त्या सुरामागचं कारण तिथेच राहतं. उजवा हात गेल्यावर दाखवणं बंद झालं आणि त्याला बोलावं लागलं. हा फ्रेझ इथून तिथे का जातो, याचं वजन कुठे आहे, हा कॉर्ड का ताटकळतो, हे शब्दांत शोधावं लागलं, आणि त्याने स्वतः म्हटलंय की त्यामुळेच तो जास्त चांगला शिक्षक झाला.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझे हात बंद होते आणि माझ्याकडे सात मुलं शिकत होती. मीही "असं वाजव" म्हणून ढकलून बसणारीच होते. हात बंद असल्यामुळे खुर्ची बाजूला ओढून बसले आणि पहिल्या आठवड्यात तोंडातून शब्दच फुटेना, कारण मला मुळात माहीतच नव्हतं की मी तो पॅसेज तसा का वाजवते. दहा वर्षं वाजवत होते आणि माहीत नव्हतं! एका मुलीने विचारलं, इथे हळू का करायचं, आणि मी तिला म्हटलं की दोन दिवस दे मला. त्या दोन दिवसांत मी त्या एका पानावर जेवढा विचार केला तेवढा परीक्षेच्या वेळी सगळ्या पीसवर मिळून केला नव्हता.

फ्लायशर विद्यार्थ्यांना सांगायचा की वाजवताना तुम्ही एकाच वेळी तीन माणसं असायला हवं. पहिला वाजायच्या आधी मनात ऐकतो, काय हवंय ते त्याला ठाऊक असतं. दुसरा प्रत्यक्ष कळा दाबतो. तिसरा थोडा लांब बसून ऐकतो आणि पहिल्याला हवं होतं ते दुसऱ्याने दिलं का हे सांगतो, मग दुसरा सुधारतो, आणि हे अखंड चालू. आता बघ, तुझा आजारी पडलाय तो फक्त दुसरा. पहिला आणि तिसरा ठणठणीत आहेत, आणि खरं सांगू का, आपल्याकडे ग्रेडच्या परीक्षांच्या मागे धावताना त्या दोघांना कोणी शिकवतच नाही. आठ ग्रेड झालेली मुलं माझ्याकडे येतात, बोटं पळतात छान, आणि मी म्हणते पियानो बंद कर आणि पहिली ओळ गुणगुणून दाखव, तर येत नाही. तुला आता सक्तीची वेळ मिळालीये. स्कोअर घेऊन पियानोपासून लांब बस आणि पूर्ण मूव्हमेंट मनात ऐक, जिथे अंधूक होतं तिथे पेन्सिलने खूण कर. त्या खुणा बघून तुलाच कळेल की जिथे मनात अंधूक आहे तिथेच बोटं पूर्वीपासून अडखळत होती.

तर मधली तीस वर्षं. वॉशिंग्टनला चेंबर म्युझिकचा ग्रुप काढण्यात सहभागी झाला, कंडक्टिंग शिकला, अॅनापोलिस सिंफनी सांभाळली, बाल्टिमोर सिंफनीत असोसिएट कंडक्टर झाला, १९८६ ते १९९७ टँगलवूडच्या म्युझिक सेंटरचा आर्टिस्टिक डायरेक्टर. आणि डाव्या हाताचं साहित्य. पॉल विटगेनस्टाइन नावाचा व्हिएन्नाचा पियानिस्ट पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावून बसला होता, त्याने राव्हेल, प्रोकोफिएव्ह, ब्रिटन अशांकडून एका हाताचे पीस लिहून घेतले, स्वतःचे पैसे देऊन. एका माणसाच्या दुर्दैवातून उभं राहिलेलं ते भांडार पुढच्या दुसऱ्याला जगवायला उपयोगी पडलं. राव्हेलचा डाव्या हाताचा कॉन्चेर्टो फ्लायशरने आयुष्यभर वाजवला. त्यातला एक प्रकार तर मला फारच हलवतो. हिंडेमिथने १९२३ मध्ये विटगेनस्टाइनसाठी लिहिलेला पीस त्याला आवडला नाही, त्याने तो वाजवलाही नाही आणि कोणाला दिलाही नाही, हस्तलिखित त्याच्या वस्तूंमध्ये पडून राहिलं, आणि शेवटी २००४ मध्ये बर्लिनला त्याचा पहिला प्रयोग झाला तो फ्लायशरच्या डाव्या हाताने. लिहिल्यापासून ८० वर्षांनी.

डावा हात एकट्याने वाजवायचा म्हणजे निम्मा पियानो असं वाटतं ना? तसं नाहीये. डाव्या हातात अंगठा वरच्या बाजूला येतो, म्हणजे मेलडी सगळ्यात दणकट बोटाकडे जाते, उजव्या हातात तीच मेलडी बिचाऱ्या करंगळीच्या वाट्याला येते. पेडलचं काम दुप्पट होतं, बेस धरून ठेवून हात वर जाईपर्यंत तो जिवंत ठेवायचा. बसायची जागाही जरा उजवीकडे सरकवावी लागते नाहीतर वरच्या सुरांना पोचताना कंबर पिळते.

अगदी हाताला काही झालेलं नसतानाही ब्राम्सने हे केलं होतं. १८७७ मध्ये त्याने बाखच्या एकट्या व्हायोलिनसाठीच्या शकोन या रचनेचं एकट्या डाव्या हातासाठी रूपांतर केलं आणि पियानिस्ट क्लारा शूमनला पाठवलं, चार तारांवर एवढं अख्खं जग उभं करणाऱ्या माणसाच्या जवळ जायचं तर पियानोवर एकाच हाताने जावं असं त्याला वाटलं, आणि योगायोग असा की तेव्हा क्लाराचाही उजवा हात दुखावलेला होता.

१९८२ ची गोष्टही सांगायला हवी, कारण तू "लवकर बरी होऊन ऑक्टोबरला परीक्षा देते" म्हणतेयस. हाताची एक शस्त्रक्रिया झाल्यावर फ्लायशरला बरं वाटायला लागलं होतं, बाल्टिमोरच्या नव्या मेयरहॉफ हॉलच्या उद्घाटनाला तो दोन्ही हातांनी वाजवणार असं जाहीर झालं, केवढी बातमी. ठरला होता बीथोव्हेनचा चौथा, ऐन वेळी त्याऐवजी फ्रांकची सिंफनिक व्हेरिएशन्स वाजवली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि त्याला आतून ठाऊक होतं की हात बरा झालेला नाही. तो परत डाव्या हाताकडे गेला, आणखी बारा-तेरा वर्षं. तारीख ठरवून हात बरा होत नसतो गं. परीक्षा पुढे ढकल. पुढच्या वर्षीही त्याच असतील.

१९९० च्या दशकात रोगाचं नाव कळलं, रॉल्फिंग नावाच्या खोल मसाजाने स्नायू सैल झाले आणि बोटॉक्सची अगदी छोटी इंजेक्शनं त्या आखडणाऱ्या स्नायूत द्यायला सुरुवात झाली. बोटॉक्सने रोग जात नाही, स्नायूला थोडा ढिला करतो, काही महिने टिकतं, मग परत घ्यावं लागतं. त्यालाही हात शंभर टक्के परत मिळाला नव्हता, जे बसेल तेच तो निवडून वाजवायचा. २००४ मध्ये दोन्ही हातांचा अल्बम आला, चाळीस वर्षांनी. २०२० च्या २ ऑगस्टला तो गेला, ९२ वर्षांचा होऊन, तोपर्यंत शिकवत होता. आंद्रे वॉट्स, येफिम ब्रॉन्फमन, जोनाथन बिस हे त्याचे विद्यार्थी. पिबडीतली ६० वर्षं मोजली तर दोन हातांनी वाजवण्याची वर्षं त्यापुढे कमीच भरतात.

आणि त्याचाच मित्र गॅरी ग्रॅफमन, दोघांचं जन्मवर्षही एकच. १९७० च्या दशकाच्या शेवटी त्याच्याही उजव्या हाताला असाच त्रास झाला. तो कर्टिस इन्स्टिट्यूट या संगीत संस्थेत शिकवायला लागला, १९८६ मध्ये तिथला डायरेक्टर झाला, आणि लांग लांग आणि युजा वांग हे दोघंही त्याच्याकडे शिकले. तुझ्या टीचरनी शिकवण्या घे म्हटलं त्यात सल्ला चुकीचा नाहीये, फक्त ज्या सुरात दिला तो सूर चुकीचा आहे, उरलेसुरले काम दिल्यासारखा. शिकव. पण हात बरा होईपर्यंतचा टाइमपास म्हणून नको, दोनच मुलं घे, आणि स्वतःला नियम घाल की महिनाभर एकही सूर वाजवून दाखवायचा नाही, सगळं बोलून, गाऊन, टाळीने. बघ काय होतं. डाव्या हातासाठी बाख-ब्राम्सच्या शकोनची पहिली दोन पानं काढ, रोज वीस मिनिटं, त्याच्यावर नाही, आणि डॉक्टरांना विचारून.

आणि शूबर्ट राहिला. शेवटचा सोनाटा, बी फ्लॅट मेजर. लेशेटिट्स्कीने श्नाबेलच्या हातात शूबर्ट ठेवला, श्नाबेलने तो जगाला ऐकवला, फ्लायशरने हा सोनाटा १९५० च्या दशकात तरुणपणी रेकॉर्ड केला आणि २००४ च्या त्या दोन हातांच्या अल्बममध्ये परत वाजवला. दोन्ही ऐक, एकामागून एक, हेडफोन लावून. सुरुवातीला ती शांत, चालत आल्यासारखी मेलडी आहे आणि आठव्या बारात अगदी खाली, जेमतेम ऐकू येईल अशी डाव्या हाताची ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन सुरांची थरथर, येते आणि मग सगळं थांबतं. त्या थांबण्यात दोन्ही वेळा तो किती वेळ घेतो ते मोज, आणि मला लिहून कळव.